भोंगा नको

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! पिट्सबर्ग सोडलं तेव्हा नुसतं भुरभुरत होतं, डोंगर चढून या बाजूला उतरेपर्यंत माझ्या गाडीच्या वायपरांनी हात टेकले. खोऱ्यातलं हे शेवटचं घर. खाली नदी, नदीच्या पलीकडे मालगाड्यांचे रूळ. गाडी गेली की कपाटातल्या बश्या किणकिणतात. मला तर हे आत्ताच आवडून गेलंय.

मिसेस केसिंजर एप्रन बांधून दारातच उभ्या होत्या. आधी जेव, मग बोल, म्हणाल्या. चौकोनी जाड शेवयांचा कोंबडीचा रस्सा, त्यावर काकवी भरलेली गोड पाई. मी दोनदा घेतला. मला अर्डिथ म्हण, मिसेस केसिंजर म्हटलं की सासू आल्यासारखी वाटते, असंही म्हणाल्या. गॅरेजच्या वर मला खोली दिलीय. हीटर खणखणीत आहे आणि पलंगावर गोधडीचे दोन थर आहेत. छोट्या गाड्यांना आवाज बसवायचं माझं दुकान बंद पडल्यापासून इतकं उबदार कुठे झोपले नव्हते.

काम असं: त्यांचे यजमान व्हर्नन, वय शहाऐंशी, तीस वर्षं याच मार्गावर मालगाडीचं इंजिन चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तळघरात हा सगळा मार्ग छोट्या रुळांवर उभा केला. नदी, पूल, कोळशाचे डबे, धान्याची गिरणी, सगळं हुबेहूब. तिसेक इंजिनं आहेत आणि सगळी मुकी. आता व्हर्ननही मुके. झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली. अर्डिथने शरद ऋतूतल्या प्रदर्शनात माझं काम पाहिलं होतं. म्हणाल्या, तुझं ते इंजिन माझ्या शेजारी येऊन असं खाकरलं की मी त्याला सॉरी म्हणाले! त्या बिचाऱ्याला बोलता येत नाही, निदान त्याच्या गाड्या तरी बोलू देत.

असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिलं इंजिन बोललं!

नखाएवढी पट्टी असते. तिलाच डिकोडर म्हणतात. तिच्यात मोटर चालवायची अक्कल असते आणि खऱ्या इंजिनाचे टिपून घेतलेले आवाज. इंजिनाचं कवच अलगद उचलायचं, आतल्या जुन्या तारा कापायच्या, रुळाकडून येणाऱ्या दोन आणि मोटरकडे जाणाऱ्या दोन तारा पट्टीला डाग देऊन जोडायच्या, अर्ध्या शेंगदाण्याएवढा स्पीकर केबिनखाली बसवायचा. कुठे उघडी तार राहिली की निळा धूर निघतो आणि माझ्या तोंडातून शिव्या. मग इंजिन वेगळ्या रुळावर ठेवून एकेक आवाज लावत जायचा: धडधड किती, घंटा किती, ब्रेक किती, भोंगा किती.

दुपारी अर्डिथने व्हर्ननना खाली आणलं. जिन्याच्या कडेने सरकणारी खुर्ची आहे, ती घर्र करत उतरते. केवढा मोठा माणूस असेल एकेकाळी! आता स्वेटरच त्यांच्यापेक्षा मोठा झालाय. डावा हात मात्र जिवंत आहे. इंजिनाने आधी ठसका दिला, मग धडधड सुरू झाली, तशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली. जणू काही तिथे इंजिनाचा दांडाच आहे.

मी लाडात येऊन फाटकाचा इशारा वाजवला. दोन लांब, एक आखूड, एक लांब. व्हर्ननचा जबडा थरथरला. डोळे भरून आले. मी खूश. तेवढ्यात अर्डिथचा हात माझ्या हातावर आला आणि तिने आवाजाचं बटण खाली फिरवलं.

भोंगा नको गं पोरी, म्हणाली. त्याचं डोकं चढतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नऊ झाली. प्रत्येकात भोंग्याचा आवाज शून्यावर. मी अर्डिथला गमतीने म्हटलं, खऱ्या ड्रायव्हरने असं केलं तर त्याला तुरुंगात टाकतील. ती हसली नाही. टाकायलाच हवं, म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली.

आज व्हर्ननचा डावा हात पट्ट्याने चाकाच्या खुर्चीला बांधलेला होता. विचारलं, तर म्हणे स्वतःलाच ओरबाडतो. मला कुठे ओरखडा दिसला नाही. पण रोजची सेवा ती करते, माझं काय जातंय बोलायला.

बाकी ती फार नीटस बाई. त्यांना भरवते, पुसते, केस विंचरते. भरवताना चमचा जरा जास्त वेळ तोंडात धरते इतकंच. ते गुदमरायला लागले की मग काढते.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज मुख्य इंजिनाची पाळी. निळं, क्रमांक ६४१७. बाकीची कशीही कर, हे मात्र माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं पाहिजे, असं अर्डिथने बजावलं. तिने एक जुनी कॅसेट आणून दिली. तिच्यावर सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज आहे. सायकल चालवत असावा. वाऱ्याची घरघर, आणि मग ओरडतो: “आई, बघ ना! हात सोडले मी!”

हा कोण, विचारलं. माझा ग्लेन, म्हणाली. गेला तो, म्हणाली. मला गलबलून आलं. गेलेल्या मुलाचा आवाज म्हातारपणी ऐकायला मिळणं ही काय साधी गोष्ट आहे?

तिने क्रम सांगितला. इंजिन पूर्ण जोरात येणार. गिरणीपाशी रस्ता रूळ ओलांडतो तिथे मुलाचा आवाज. मग ब्रेकची किंकाळी. मग इंजिन एकदम बंद, काहीच नाही. सगळं एका बटणावर. दिवसभर बसून कॅसेटची खरखर साफ केली. शब्द न् शब्द लख्ख ऐकू येतो आता. हे मी केलेलं सगळ्यात सुंदर काम आहे, असं मला मनापासून वाटलं.

अर्डिथने खिशातून एक छोटी तपकिरी मोटार काढून त्या रस्त्यावर, रुळांच्या मधोमध ठेवली. ती तशी का ठेवली ते मी विचारलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

जेवायला थांबले नाही, खोलीत येऊन लिहितेय.

अर्डिथने व्हर्ननना खाली आणलं, खुर्ची गिरणीच्या अगदी समोर लावली. मान दुसरीकडे वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. हातातल्या बिनतारी नियंत्रकाने ६४१७ सोडलं. ते पुलावरून आलं, वळणावर आलं, गिरणीपाशी आलं. “आई, बघ ना! हात सोडले मी!” मग ब्रेक. मोटार उडून नदीत पडली. शांतता.

व्हर्ननच्या तोंडातून आवाज निघाला नाही. तोंड मात्र पूर्ण उघडलं. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. पॅन्ट ओली झाली. डोळे घट्ट मिटले तेव्हा अर्डिथने अंगठ्याने पापणी वर उचलली. एखादीने डोळ्यात गेलेलं कुसळ बघावं तशी. आणि त्यांच्या कानाशी जाऊन अगदी मायेने म्हणाली, “बघ ना.”

मोटार परत जागेवर ठेवली. परत गाडी सोडली. परत. जेवणाची वेळ होईपर्यंत.

ती हसत होती. मी शपथेवर सांगते, हसत होती. आणि ते सगळं माझ्या हातचं होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वरच्या वळणावर मर्ल युट्झी राहतो. ट्रकला बर्फ ढकलायचं पातं लावून खोऱ्यातले रस्ते मोकळे करतो, या घराचाही. पंचाहत्तरीचा, लाल नाकाचा, गप्पिष्ट. व्हर्ननबरोबर इंजिनात मदतनीस होता. काल त्याने कॉफीला ये म्हटलं होतं, आज गेले. मी ग्लेनचं नाव काढलं तसा त्याने कप खाली ठेवला.

ग्लेन व्हर्ननचा मुलगा नव्हता. व्हर्ननला मूलबाळच नाही. तीसेक वर्षांपूर्वी गिरणीच्या फाटकावर त्यांच्या गाडीने तपकिरी मोटार उडवली. आत एकोणीस वर्षांचा मुलगा. तो अर्डिथचा ग्लेन. तिचं तेव्हाचं घर तिथून एका शेताच्या अंतरावर. भोंगा वाजलाच नाही, असं तिचं म्हणणं. वाजला असता तर मला ऐकू आला असता, म्हणायची. चौकशीत व्हर्नन निर्दोष सुटला.

मी विचारलं, वाजला होता का?

मर्ल म्हणाला, “अगं, मी त्याच्या शेजारी बसलो होतो! दोन लांब, एक आखूड आणि शेवटचा लांब तो टक्कर झाल्यावरही चालूच. त्याचा हात दांड्यावरून सुटेना. मी बोटं एकेक करून सोडवली. पोराने गाणी लावली असतील मोठ्याने, काय सांगावं.”

सहा वर्षांपूर्वी व्हर्ननला पहिला झटका आला, हलका. घरी मदतीला बाई हवी होती. अर्डिथ आली. आडनाव वेगळं, केस पांढरे, तरी त्याने ओळखलं. मर्लला म्हणाला होता, ग्लेनची आई मला माफ करायला आलीय. वर्षाने लग्न केलं. मग दुसरा झटका आला आणि वाचा गेली. त्यानंतर अर्डिथने मर्लला घरात घेतलेलं नाही. दारातूनच पैसे देते.

तळघरात काय चालतं ते सांगून मी म्हटलं, तुम्ही काहीच का केलं नाही? तो म्हणाला, नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू? खायला घालते, धुते, पुसते.

त्याच्याच फोनवरून मी वृद्धांच्या छळाची तक्रार घेणाऱ्या कचेरीला कळवलं. तिथली बाई भली वाटली. वादळ येतंय, रस्ते मोकळे झाले की माणूस पाठवते, म्हणाली. मर्ल सारखा खुणा करत होता, माझं नाव नको, माझं नाव नको.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बर्फ थांबायला तयार नाही. माझी गाडी निम्मी गाडली गेलीय. जावंसं वाटतंय, पण तो माणूस खुर्चीला बांधलेला असताना कशी जाऊ?

एक गोष्ट माझ्या हातात होती. सकाळी अर्डिथ त्यांना आंघोळ घालत होती तेवढ्यात मी ६४१७ चा भोंगा परत आणला. पूर्ण आवाजात. त्याच बटणावर, मुलाच्या हाकेच्या आधी. खोटं काही नव्हतं त्यात. जे झालं होतं तेच.

दुपारी तिने गाडी सोडली. पूल. वळण. आणि भोंगा लागला. दोन लांब, एक आखूड, मग तो शेवटचा लांब, मुलाच्या आवाजाच्या वरून, ब्रेकच्या वरून, चालूच.

व्हर्ननचा डावा हात पट्ट्यातून सुटला. कातडी सोलली गेली तरी सुटला. त्यांनी खुर्चीच्या हातावर तोच इशारा थापला, पुन्हा पुन्हा, आणि माझ्याकडे बघून हसले. वाकडं, लाळ गळणारं हसू. घशातून आवाजही आला. हो, हो, असं काहीतरी.

अर्डिथ उभी राहिली. परत वाजव, एवढंच म्हणाली. मी वाजवला. तिसऱ्यांदाही वाजवला. मग तिने व्हर्ननना वर नेलं. जाताना म्हणाली, ओव्हनमध्ये मांस भाजलंय, गरम आहे तोवर खाऊन घे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळ

व्हर्नन गेले.

अर्डिथ कॉफी ओतत म्हणाली, झोपेतच गेला. मी दारातून पाहिलं. चेहरा झाकला होता. उशी पलंगावर नव्हती, खुर्चीत होती. तिला मधोमध खळगा पडला होता.

निघायचं, एवढंच डोक्यात. चालत मर्लकडे. ती म्हणाली, जाण्याआधी माझ्या ग्लेनचा आवाज त्या इंजिनातून काढून दे, पोरी. तो माझा आहे. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. हत्यारंही खालीच होती. मी उतरले.

मागे दाराला बाहेरून अडसर पडला.

दुपार

ओरडून घसा बसला. कोट वर आहे, फोन कोटात. दार ओकचं, जाड.

ती दारापलीकडे बसलीय. मघापासून बोलतेय. शांतपणे, शेजारणीशी बोलावं तसं. मर्ल काल जेवणाआधी येऊन सगळं सांगून गेला. माझा फोन, कचेरी, सगळं. बिचारा घाबरला होता, म्हणाली.

आणि म्हणाली — हे तिचेच शब्द — “मेला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. उशी काढली तरी तसंच. ते तू दिलंस. इतकी वर्षं मी त्याला धरून ठेवला होता, आणि तू एका दिवसात सोडवलास.”

मी ओरडले, त्याने भोंगा दिला होता! मर्लने ऐकलाय!

तिने खुर्ची दाराजवळ ओढली. मग:

“मी ओट्यापाशी होते. केकचं पीठ फेटत होते, ग्लेनसाठीच. मिक्सर चालू होता.” — मग आणखी हळू — “भोंगा वाजला असेल तर तो मी का नाही ऐकला? सांग ना. तू हुशार आहेस.”

मी दारावर लाथा घातल्या.

तिने गाड्या सोडल्या. वरूनच. ६४१७ नव्हे, बाकीच्या सगळ्या. मी बोलती केलेली पंधराएक इंजिनं एकदम धडधडतात. कान दाबले तरी हाडांतून येतं.

शनिवार

पाणी नाही. रंगाचे ब्रश धुवायच्या बरणीत होतं ते प्यायले. ओकले.

वरचे दिवे बंद. छताशी, बाहेरच्या जमिनीलगत एक खिडकी आहे, वीतभर, आडव्या गजांची. बर्फाचा उजेड येतो. त्यात लिहितेय.

व्हर्ननचा पलंग माझ्या डोक्यावरच आहे. त्यांना नेलेलं नाही. कोणाला कळवलंच नसावं.

गाड्या मध्येच थांबतात. मला वाटतं संपलं. मग परत.

शनिवार — उजेड आहे अजून

मर्लचा ट्रक! पातं घासतंय — ओळखते तो आवाज. ओरडतेय तर नुसती हवा निघते. काच फोडली, हात बाहेर पुरत नाही. पात्यापुढे काही ऐकू जाणार नाही.

माझा नियंत्रक हत्यारांच्या पेटीत आहे. सगळ्यांचे भोंगे — शून्यावरून शेवटपर्यंत — एकेक करून — बोटं गारठलीत —

झालं. सगळी एकदम. दोन लांब. एक आखूड. एक लांब. परत. परत. भिंती थरथरतायत. हा इशारा त्याने आयुष्यभर ऐकलाय. दुसऱ्या कोणाला नाही तरी त्याला —

ट्रक थांबला.

ऐकलं त्याने! दार वाजलं. बूट दिसतायत. खिडकीसमोर. रबरी बूट, पिवळी नाडी. थांबलाय. मी गजांतून बोटं काढलीत. हलवतेय. त्याला दिसतायत. दिसणारच — हाताच्या अंतरावर —

अर्डिथ दारात आलीय. तिचा आवाज. काय झालं, मर्ल? कॉफी घेतोस का आत येऊन?

आत ये म्हणतेय. इतक्या वर्षांनी.

बूट हलत नाहीत. मर्ल. मर्ल, वाक जरा. फक्त वाक.

नको, म्हणाला तो. एवढा ढीग सरकवतो आणि जातो.

बूट वळले.

ट्रक सुरू केला. मागे घेतोय. आता पुढे — इकडेच — पातं खाली आहे — बर्फ खिडकीवर येतंय. गजांतून आत. अर्धी खिडकी गेली. बोटं काढून घेतली. पूर्ण गेली.

इंजिनांचे छोटे दिवे आहेत अजून. त्यांच्यात लिहितेय. भोंगे वाजतायत. बाहेर आता काही जात नसणार.

वरून वीज तोडली. रुळात काही नाही. इंजिनांच्या पोटात दोन-चार क्षणांपुरती साठवलेली असते — एकेक विझतंय — एक — आणखी एक —

अडसर काढला तिने. पायऱ्यांवर — हळू उतरतेय, हातात काहीतरी मऊ, मोठं —

शेवटचा दिवा. ती म्हणतेय, पोरी, घाबरू नकोस, डोळे उघडे ठे—